गुरवांचा ठसाफोटो

"आबा, सईच्या फ्रॉकचं लेबल कापलं का?" केतकीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"कालच कापलं. चिकूच्या सदऱ्याचंपण कापलं. मान टोचली असती, तर जन्मभर तेवढंच राहिलं असतं डोक्यात."

शंकर गुरव, म्हणजे घरातले आबा, पाटावर बसून नातवाच्या पायाला खोबरेल लावत होते. गडहिंग्लजच्या प्राथमिक शाळेत त्यांनी सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढली होती. मोठा वर्ग देऊ केला की ते नको म्हणत. मोठ्या मुलांना शिकवायला पुष्कळजण आहेत, लहानांकडे बसायला धीर लागतो, असं त्यांचं म्हणणं. आज तो सगळा धीर त्यांनी दोन मुलांसाठी पणाला लावला होता. सई चार वर्षांची, आणि चिकू अजून तीनचाही नव्हता.

संध्याकाळी मुजावरांच्या स्टुडिओत त्यांचा ठसाफोटो होता. आणि सोमवारी केतकीचं, त्यांच्या सुनेचं, कोल्हापूरला ऑपरेशन. जिभेचा कॅन्सर जबड्यापर्यंत पोचला होता. जीव वाचेल, असं डॉक्टर खात्रीनं सांगत होते. जीभ मात्र काढावी लागणार होती, डावा जबडाही. त्यानंतर केतकी घरी येणार होती ती वेगळ्या चेहऱ्यानं आणि आवाजाशिवाय.

"व्हिडिओ आहेत की ढीगभर," असं शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या. "आणि ते यंत्रपण मिळतं ना आता? आपण टाइप करायचं, ते आपल्याच आवाजात बोलतं."

ते यंत्र केतकीनं घेऊन ठेवलंही होतं. पण दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईची अशीच गोष्ट तिनं जवळून पाहिली होती. त्या बाईच्या मुलाला आईचे जुने व्हिडिओ दाखवले की तो विचारायचा, "ही कोण?" केतकीला त्याच प्रश्नाची भीती होती. मुलांजवळ आपली आठवण हवी ती त्यांची स्वतःची, पडद्यावरची नको, एवढा एकच हट्ट तिनं धरला होता.

ठसाफोटोची पद्धत निघून आता काही वर्षं झाली होती. त्यामागचं शास्त्र आबांना त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं समजावून सांगितलं होतं. ती नसीमा मुजावर, त्या स्टुडिओची तिसरी पिढी. आजोबांनी काळ्या कापडाखाली डोकं घालून फोटो काढले, वडिलांनी लग्नं काढली, आणि नसीमानं पुण्याला जाऊन ठसायंत्राचं शिक्षण आणि परवाना घेतला.

"गुरुजी, आपल्याला दोन-तीन वर्षांचे असतानाचं काही आठवत नाही. का सांगा?"

"लहान असतो म्हणून."

"तसं नाही. त्या वयात आठवण होते, चांगली पक्की होते. पण लहान मुलाचा मेंदू म्हणजे बांधकाम चाललेलं घर असतं. रोज नव्या भिंती उठतात. आज कोनाड्यात ठेवलेली वस्तू उद्या भिंतीआड जाते. मेंदूत आठवणी जिथं धरल्या जातात, तिथं ह्या वयात नव्या पेशी इतक्या भराभर तयार होतात, की जुन्या जोडण्या त्यांच्या गर्दीत तुटून जातात."

"मग तुझं यंत्र काय करतं?"

"एक कोनाडा तेवढा पक्का करतं. नाकात औषधाचा फवारा मारायचा. मग पंधरा-वीस मिनिटं त्या जोडण्या सिमेंट ओलं असावं तशा असतात. समोरचे निळे दिवे एका ठरावीक लयीत उघडमीट करतात, त्या लयीत जी जोडणी जागी असेल ती घट्ट होते. मग मुलानं चांगलं झोपायचं, झोपेत ते सुकतं. म्हणून तर आम्ही हे संध्याकाळीच करतो. दुपारी करून मूल रात्रीपर्यंत हुंदडलं, की सगळं वाया."

"आणि पुन्हा करायचं झालं तर?"

"एकदाच. दुसऱ्यांदा केलेल्या मुलांना नवीन शिकायला जड गेलं. त्यामुळं परवानगीच नाही." ती थोडी थांबली. "आणि अजून एक, गुरुजी. काय ठसवायचं ते आपल्या हातात नसतं. मूल ज्याच्याकडं मनापासून लक्ष देईल, ते ठसतं. मागच्या महिन्यात एकांची मुलगी आली होती. तिचं सगळं लक्ष माझ्या चपलेवरच्या फुलाकडं. झालं. तिला आता मरेपर्यंत माझी चप्पल आठवणार."

आबा हसले नाहीत. लक्ष. हा तर त्यांचा विषय होता.

दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी तयारी सुरू केली. नाकातल्या फवाऱ्याला मुलं घाबरू नयेत म्हणून मेडिकलमधून साध्या मिठाच्या पाण्याची बाटली आणली. पहिल्यांदा तो फवारा स्वतःच्या नाकात मारून घेतला आणि इतक्या जोरात शिंकले, की चिकू "आबा, पुन्ना!" म्हणून मागं लागला. पडवीत निळा दिवा लावला. लाकडी बाकावर चादर टाकून तो सोफा केला. रोज संध्याकाळी केतकी तिच्या जांभळ्या साडीत मध्ये बसायची, एका बाजूला तिचा नवरा पुष्कर, मांडीवर चिकू, कुशीत सई.

मग केतकी बोटांची गोष्ट सांगायची. ती तिनंच रचली होती. पाच बोटं गडहिंग्लजच्या बाजाराला जातात. एक मिरची घेतं, एक गूळ घेतं, एक भांडण घेतं. करंगळी हरवते आणि शेवटी चिकूच्या कानामागं सापडते.

"केतकी, मिरचीपाशी थोडं थांब," आबा समोर उभं राहून सांगायचे. "सईनं तुझ्या तोंडाकडं बघितलं की मग पुढं. हां. आणि चिकू, टाळी कधी?"

"कलंगळी हलवली की!"

"शाब्बास."

पुष्कर एकदा वैतागला. "आबा, तुम्ही पंधरा ऑगस्टची कवायत बसवताय."

"तुझीपण मीच बसवली होती. चुकलास का कधी?"

"चुकलो नाही. पण झेंड्याचा रंग तरी कुठला बघितला मी? पुढच्याच्या टाचा बघायचो."

सगळे हसले. केतकीही हसली, जबड्यावर हात ठेवून. हसताना दुखायचं तिला. मुलांसमोर मात्र ती ते दाखवत नसे. आईच्या तोंडाबद्दल मुलांशी काही बोलायचं नाही, असं घरात ठरलं होतं. मुलांच्या आठवणीत हसरी आई ठेवायची होती.

*

शनिवार उजाडला तसा आबांनी घर हातात घेतलं. सकाळी मुलांना पटांगणात भरपूर पळवलं, म्हणजे दुपारी झोप लागेल. जेवणात फक्त मऊ भात आणि साजूक तूप. दुपारी खिडक्यांना चादरी लावून दोघांना झोपवलं, पण उशिरापर्यंत झोपू दिलं नाही, नाहीतर रात्रीची झोप गेली असती. उठल्यावर कोमट पाण्यानं अंघोळ. नवीन बूट कोपऱ्यात ठेवून दिले, कारण ते चावायचे. केतकीनं सईची वेणी सैल घातली. चिकूच्या गालावर आबांनी काजळाचं बोट टेकवलं.

"चिकू, नाक पूस," सई आरशातून म्हणाली. "फोटोत शेंबूड येतो."

"नाई येत."

"येतो! आबांनी सांगितलंय."

"आबांनी असं काही सांगितलेलं नाही," आबा म्हणाले. "पण पूस."

निघताना केतकी दारात थांबली. "आबा, तुम्हीपण बसा ना आत. कुटुंबाचा फोटो आहे."

"नको. मी बसलो तर चिकू माझ्याकडं बघेल. त्याला सवय आहे. आज सगळं तुझं."

ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली.

*

स्टुडिओत एका बाजूला सोफा आणि निळे दिवे, मध्ये काच. आतून पाहिलं तर काचेत आपलंच प्रतिबिंब दिसे. बाहेरून मात्र आतलं सगळं दिसत होतं. काचेच्या अलीकडं नसीमाचं टेबल आणि त्यावरचा पडदा.

"आत आवाज जातो का?" आबांनी विचारलं.

"दार उघडलं तर. पण दार उघडायचं नाही, गुरुजी. आत गेला तो ठशात गेला."

फवारा घेताना दोन्ही मुलांनी माना मागं केल्या आणि डोळेसुद्धा मिटले नाहीत. नसीमा थक्क झाली. "इतकी गुणी पोरं मी बघितली नाहीत. इथं निम्मी पोरं फवाऱ्यालाच बोंबलतात."

आबांची छाती थोडी फुगली.

दार बंद झालं. दिवे मंद उघडमीट करू लागले. पडद्यावर दोन रेघा सरकायला लागल्या, वरची सईची, खालची चिकूची.

"लक्ष बसलं की रेघ उडी मारते," नसीमा म्हणाली. "ती उडी म्हणजे ठसा."

आत केतकी गोष्ट सांगत होती. पडवीतल्यासारखीच जांभळी साडी, तोच आवाज. मिरचीपाशी ती थांबली. सईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. पहिल्या बोटानं मिरची घेतली, दुसऱ्यानं गूळ. चिकू हसला, जिथं हसायचं तिथं. सगळं बिनचूक चाललं होतं.

रेघा सपाट होत्या.

"अजून सुरुवात आहे," नसीमा म्हणाली.

तिसऱ्या बोटानं भांडण घेतलं. रेघा सपाटच. करंगळी हरवली. चिकूनं टाळी वाजवली. त्याच्या रेघेला कुठंतरी बारीकसा उंचवटा आला आणि विरला.

"यंत्र बिघडलंय का?"

नसीमानं बटणं तपासली. "यंत्र ठीक आहे. पोरं शांत आहेत, जागी आहेत. पण..." ती आबांकडं न बघता म्हणाली, "गुरुजी, ही गोष्ट त्यांनी आधी किती वेळा ऐकलीय?"

आबांच्या डोळ्यांसमोर त्यांचा वर्ग आला. मुलं एका सुरात पाढे म्हणतायत, एकही चूक नाही, आणि सगळ्यांचे डोळे खिडकीबाहेर, पिंपळावरच्या माकडांकडं. जे पाठ झालं त्याच्याकडं मूल बघत नाही. हे त्यांनी आयुष्यभर रोज पाहिलं होतं. पाठ झालं की काम झालं, असं समजून ते पुढच्या पाढ्याला लागत.

इथं काम उलटं होतं. त्यांनी केतकीला मुलांकडून पाठ करून घेतलं होतं.

"थांबव," ते म्हणाले. "दिवे बंद कर. पुन्हा कधीतरी..."

"औषध गेलंय नाकात. ते एकदाच देता येतं, आता थांबवलं तर काहीच ठसणार नाही."

"मी आत जाऊन सांगतो तिला. काहीतरी वेगळं कर म्हणून."

"तुम्ही दार उघडलंत तर दोघांच्या रेघा उडी मारतील, गुरुजी. तुमच्यावर."

आबांचा हात दाराच्या मुठीवर होता. तो त्यांनी काढून घेतला, आणि कुठं ठेवावा ते न कळून दुसऱ्या हातात धरला. काचेवर ठोकलं असतं, तर मुलांना जन्मभर तो आवाज राहिला असता. ओरडले असते, तर त्यांचं ओरडणं. त्यांनी पुष्करकडं पाहिलं. तो ठरल्याप्रमाणे केतकीच्या खांद्यावर हात ठेवून हसत होता, आणि समोरच्या काचेत त्याला फक्त आपलं हसणं दिसत होतं.

"किती वेळ राहिला?"

"निम्म्याहून जास्त गेला."

आत गोष्ट संपली होती. ठरल्याप्रमाणे केतकीनं ती पुन्हा सुरू केली. आता सई तिच्या पुढं जाऊन बोलत होती. "आई, आता मिरची. आता थांब. आता मी बघणार." केतकीनं तोंड उघडायच्या आधीच सईनं गूळ घेतला. चिकूनं लवकरच टाळी वाजवून टाकली. केतकी बोलायची थांबली, तरी गोष्ट चालूच राहिली.

केतकी मुलीकडं बघत राहिली. मग तिनं समोर पाहिलं, काचेत. आबांना वाटलं ती आपल्याकडंच बघतेय. पण ती स्वतःचा चेहरा बघत होती, डाव्या बाजूला सुजलेला.

"सई, थांब," ती म्हणाली. आवाज आतल्या माइकमधून बारीक येत होता. "गोष्ट राहू दे. इकडं बघा दोघं. आईच्या तोंडात बघा."

तिनं तोंड उघडलं.

"हे काय करतेय ही!" आबा काचेला चिकटले. आत पुष्करचा चेहराही पडला होता, पण त्यानं खांद्यावरचा हात काढला नाही.

"लाल लाल आहे," सई म्हणाली.

"दुखतं ते. परवा डॉक्टर आईची जीभ काढणार. मग आई बोलणार नाही."

"मग परत कधी लावणार?"

"नाही लावणार, सई."

चिकूनं हात वर केला आणि आपलं बोट आईच्या तोंडात घातलं. केतकीला केवढं दुखलं असेल ते आबांना तिच्या मानेवरून कळलं. पण तिनं त्याचं बोट बाहेर काढलं नाही. ओठ मिटून ते तसंच धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं सोडलं.

"तुला भीती वाटते?" सईनं विचारलं.

केतकीनं तिच्याकडं पाहिलं. आबांना वाटलं, आता तरी ही नाही म्हणेल, हसेल.

"वाटते गं," ती म्हणाली. "खूप वाटते."

पडद्यावरच्या दोन्ही रेघा उभ्या चढल्या होत्या आणि खाली यायचं नाव घेत नव्हत्या. नसीमानं तोंडावर पदर धरला होता. आबा काचेपाशी उभे होते. रेघ वर जावी म्हणून ते देवाला विनवत होते, आणि ती गेली तेव्हा ती खाली यावी म्हणून विनवायला लागले. त्यांच्या विनवणीनं कुठलंच काही होत नव्हतं.

शेवटी मोठा दिवा लागला आणि भिंतीवर टांगायचा नेहमीचा फोटो निघाला. त्याच्यासाठी मुलं शिकवल्याप्रमाणे सरळ बसली आणि छान हसली.

गाडीत केतकीनं मागं वळून विचारलं, "आबा, रेघा आल्या ना?"

"आल्या."

"मग झालं," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत डोळे मिटून बसली. मुलं मागं आबांना टेकून झोपून गेली होती.

*

ह्याला आता सात वर्षं होतील.

तो फोटो बाहेरच्या खोलीत आहे. येणारे-जाणारे म्हणतात, किती गोड आलीत मुलं. सई आणि चिकू त्याच्याकडं पाहुण्यांच्या फोटोकडं बघावं तसं बघतात. तो काढल्याचं त्यांना आठवत नाही. बोटांची गोष्टही आठवत नाही. आबांनी एकदा सुरुवात करून पाहिली, तर चिकू म्हणाला, "मस्त आहे, पुढं काय होतं?"

चिकूला एवढंच आठवतं की त्याचं बोट कशात तरी ऊन, ओल्या जागी होतं आणि त्याला बरं वाटत होतं. ते काय होतं ते तो सांगू शकत नाही. आईजवळ बसला की अजूनही तो तिच्या वाकड्या हनुवटीला हात लावतो. तिच्या चेहऱ्याची त्याला कधी भीती वाटली नाही.

तिच्या आवाजात बोलणारं यंत्र पहिले काही महिने घरात होतं. "जेवायला या" असं ते बोललं की मुलं यंत्राकडं बघायची, केतकीकडं नाही. एक दिवस केतकीनं ते बंद करून कपाटात ठेवलं. आता ती हातानं बोलते, आणि घरातल्या सगळ्यांना ती बोली येते. आबांना जरा उशिरा आली.

सईजवळ आईचा आवाज आहे. तो तेवढ्या एका वाक्याचा. अगदी लहान असल्यापासून ती ते वाक्य आईसारखं म्हणायची. 'वाटते'मधला 'आ' किंचित लांबवून, 'खूप' खाली सोडून. तिच्या एरवीच्या बोलण्यात तो सूर नाही, घरात दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात नाही. पहिल्यांदा तिनं ते म्हटलं तेव्हा पुष्कर उठून बाहेर गेला होता, आणि केतकीनं तिला जवळ ओढून पुन्हा म्हणायला लावलं होतं.

तेव्हापासून केतकी ते वाक्य अधूनमधून मागायची, आणि आता रोज मागते. संध्याकाळी सई अभ्यास आटोपून उठली की केतकी तिला खुणेनं बोलावते. आबा बाहेरच्या खोलीत शेजारच्या मुलांना अक्षरं गिरवायला बसवत असतात. त्यांना आतलं ऐकू येतं.

"वाटते गं. खूप वाटते."

नसीमानं आबांना एकदा सांगितलं होतं, की ठसा पक्का असला तरी तो बाहेर काढून पुन्हा ठेवताना प्रत्येक वेळी थोडा हाताळला जातो. ज्याचा जास्त वापर, तो लवकर आपला होतो. सई आता अकरा वर्षांची आहे, तिचा आवाज भरत चाललाय. तो लांबवलेला स्वर गेल्या वर्षीपेक्षा आखूड झालाय. 'खूप' आता खाली सुटत नाही. त्यात सईच जास्त ऐकू येते.

केतकीच्या हे लक्षात आलंय का, आबांना माहीत नाही. आत जाऊन तिला सांगावं, रोज म्हणून घेऊ नकोस, पुरवून ठेव, असं त्यांच्या कितीदा तरी मनात येतं. पण ती बिछान्यावर भिंतीला टेकून बसलेली असते. तिचे डोळे मिटलेले असतात, आणि सईनं म्हणून झालं की ती डोळे न उघडता एक बोट वर करते. अजून एकदा.